एक्केचाळीस नंबरचा उजवा हात

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, चहाचा दुसरा घोट घशाखाली उतरायच्या आत, पडद्यावर एक्केचाळीस नंबरपुढे पिवळा ठिपका लागला. पिवळ्या ठिपक्याने दचकावं असं काही नसतं. रोज पाच-सहा लागतात. कुणी मोबाईल चार्ज करायला विसरतं, कुणी हळद काढायला शेतात जातं ते आठ दिवस फिरकत नाही, कुणाला चाचणीचा कंटाळा येतो. मी फोन करते, गोड बोलते, ठिपका जातो. माझी नोकरी म्हणजे एवढंच, आणि गोड बोलणं हा माझा मूळ स्वभाव नसल्यामुळे त्याचा पगार मिळतो हे योग्यच आहे. पण ह्या ठिपक्याखाली लिहिलं होतं: उजवा हात, सौम्य कंप, नवीन. एक्केचाळीस नंबर म्हणजे माझे बाबा, आणि बाबांचा आजार डाव्या हातात आहे. मी कप खाली ठेवला. चहा टेबलावर सांडला तो पुसायचंही सुचलं नाही.

पार्किन्सन. आमच्याकडे कंपवात म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली नेतात. पुण्याचे काही डॉक्टर आणि संगणकवाले यांनी मिळून हा प्रकल्प काढला. त्यात हिंगोली जिल्ह्यातले त्रेसष्ट रुग्ण आहेत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला हिंगोली शहरातल्या एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं आणि आम्ही दोघं, मी आणि फिजिओथेरपिस्ट रत्नपाल सर. प्रत्येक रुग्णाला एक मोबाईल दिलाय. रोज सकाळी गोळी घेतली की तासाभराने त्यावर तीन कामं करायची. पडद्यावरच्या ठिपक्यापासून बोटाने वेटोळं काढत बाहेर यायचं, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. मग दोन चौकोनांवर दहा सेकंद टकटक करायची. मग एका श्वासात जमेल तेवढा वेळ, जास्तीत जास्त दहा सेकंद, ‘आ’ म्हणायचं. बाकीचं यंत्र बघतं. हजारो माणसांची वेटोळी दाखवून त्याला शिकवलंय, ही आजारी हाताची, ही धडधाकट हाताची, आणि आता कधी न पाहिलेलं वेटोळं बघूनही ते सांगतं की हा हात कोणत्या गटातला, शून्य ते चारमध्ये किती बिघडलाय, मागच्या महिन्यापेक्षा बरा की वाईट. मी नांदेडला होस्टेलवर राहून संख्याशास्त्र शिकले. मला हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं. ते कुणाची खोटी समजूत काढत नाही, आणि खोट्या समजुतींचा मला लहानपणापासून कंटाळा आहे.

बाबा, किशनराव, वीज मंडळात वायरमन होते. शिरड शहापूरच्या आसपासच्या दहा-बारा खेड्यांत असा खांब नसेल ज्यावर ते चढले नाहीत. खाली मी सायकल धरून उभी असायची आणि वर त्यांचे दोन्ही हात काम करताना दिसायचे, पक्कड या हातातून त्या हातात जायची, घाई कशी ती नाही. त्यांच्या हातांवर गावाचा भरवसा होता. दोन वर्षांपूर्वी विहारात वंदनेला उभे असताना त्यांच्या डाव्या हातातली मेणबत्ती हलायला लागली. मेण बोटांवर, मनगटावर सांडत होतं आणि ते पुढे बघत वंदना म्हणत राहिले. बाहेर आल्यावर कुणीतरी हळूच विचारलं, किशनराव आता घ्यायला लागले का. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, बोटांवरचं मेण खरवडत घराकडे निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मागच्या जूनमध्ये मी त्यांना आमच्या प्रकल्पात घातलं, नंबर एक्केचाळीस, आणि दर रविवारी फोनवर निकाल सांगायला लागले. बाबांचा डावा हात दोनवर आहे. डावा हात तीनवर गेला. आई पलीकडून म्हणायची, बरं. तलाठ्याने उतारा वाचून दाखवावा तसं मी वाचत होते हे आता कळतं, तेव्हा मला वाटायचं की मी त्यांना विश्वासात घेतेय.

मग दिवाळीनंतर डावा हात सुधारला. तीनवरून दोन, आठवड्याभरात एक. यंत्राने लिहिलं, निरोगी गटाच्या जवळ. मी रत्नपाल सरांना पेढा दिला होता त्या दिवशी. गोळी लागू पडली असेल, ते म्हणाले, होतं असं कधी कधी. नांदेडच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला आमचा तक्ता जातो, तो बघून त्यांनी औषध आहे तेवढंच ठेवलं. आणि मी? मी आधी दर दुसऱ्या शनिवारी घरी जायची, ते महिन्यातून एकदा जायला लागले. संक्रांतीला गेले तेव्हा बाबा पाय ओढत चालत होते. थंडीने, मी म्हणाले. त्यानंतर गेलेच नाही. आलेख चांगला होता. चांगल्या आलेखाला भेटायला कोण जातं? एवढंच नाही, मला सुटल्यासारखं वाटत होतं. हिंगोलीत माझी एक खोली आहे, खिडकीत दोन कुंड्या आहेत, संध्याकाळी कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. पस्तिसाव्या वर्षी मिळालेली ती खोली मला फार प्रिय होती आणि यंत्राने मला तिथे राहायची परवानगी दिली होती.

मी नंबर न सांगता रत्नपाल सरांना विचारलं, डावीकडचा कंप उजवीकडे जातो का. ते कुणाच्या तरी गुडघ्याचा अहवाल लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, “दुसरी बाजू धरतो तो पुढं. पण पहिली सोडत नाही कधी.” मग थांबून म्हणाले, “डावा चांगला आणि उजवा बिघडतोय, असं असेल तर माणूस बघा आधी.” ते सहज म्हणाले. मी माझ्या टेबलाशी परत आले.

आम्ही एरवी आकडेच बघतो. मूळ वेटोळी साठवलेली असतात, पण ती उघडायला बराच खटाटोप करावा लागतो आणि आकडा असताना चित्र बघण्यात वेळ का घालवा असं माझं मत होतं. मी उघडली. जून ते ऑक्टोबरची वेटोळी डावीकडे वळत जाणारी होती, अडखळत, कडा दातेरी. दिवाळीनंतरची सगळी उजवीकडे वळत होती. सारख्या अंतराची, गोल, शेवटचा वेढा आत दुमडून घेतलेला. मी ती ओळखली. अशा हजार तरी कुरडया मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर बघितल्या आहेत. खाटेवर आईचं जुनं पातळ पसरलेलं, सोऱ्या दोन्ही हातांत दाबून धरलेला, आणि गव्हाच्या चिकाची कुरडई आईच्या हाताखालून गोल फिरत सुटायची. शेवटी बोटाने टोक आत घ्यायची तिची सवय. हे वेटोळं आईचं होतं. पाच महिने एक्केचाळीस नंबरवर माझी आई, पद्माबाई, परीक्षा देत होती. पहिल्यांदा मला हसू आलं, खरंच आलं. केवढी कॉपी. मग मी फेब्रुवारीतल्या कुरडया बघितल्या, मग मार्चमधल्या. उजव्या हाताचे वेढे हळूहळू लहान होत आत ओढले गेले होते आणि काठाला बारीक लहर आली होती. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. निरोगी म्हणालं तेव्हा तो हात निरोगी होता. मी हात कुणाचा ते विचारलं नव्हतं.

आवाज तर तिला काढता आला नसणार, माझ्या मनात आलं. एक्केचाळीसच्या आवाजापुढे जानेवारीपासून रोज ‘निकामी’ येत होतं. गोंगाट असेल म्हणून ती सूचना मीच बंद करून ठेवली होती. कानात इअरफोन घालून आवाज पूर्ण वाढवला. नोव्हेंबरमध्ये बाबांचा ‘आ’ होता, दोन-तीन सेकंदांत विरणारा. जानेवारीच्या शेवटी ‘आ’ नाहीच. खरखर, भांड्याचा आवाज, आणि मग फार खालून, एकेक शब्द उचलत: “दीक्षा. तुझ्या आईचा. उजवा हात बघ.” तिथे दहा सेकंद संपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी, “ती सांगायची न्हाई.” एका दिवशी नुसतंच “दीक्षा”, आणि पुढे श्वास. एका दिवशी, “आज एका हातानं भाकर थापली तिनं.” दोन महिन्यांहून जास्त काळ, रोज, गोळी घेतल्यावर तासाभराने, ते माझ्याशी बोलत होते आणि यंत्र त्याच्यावर निकामीचा शिक्का मारून मला पाठवत होतं. फोनवरही बोलायचे ते रविवारी. मी म्हणायची, बाबा आवाज येत नाही, आईला द्या. दर रविवारी म्हणायची, आणि आई फोन घेऊन सांगायची, बरं चाललंय.

रत्नपाल सरांना काहीतरी सांगून निघाले. औंढ्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन बसली होती आणि मी तिचे हात बघत होते. समोरच्या म्हाताऱ्याचे बघत होते. ड्रायव्हरचे. लोकांना आजारी आणि धडधाकट अशा दोन रांगांत उभं करायची मला खोड लागलीय, पण त्या दिवशी माझं कुणाशीच काही देणंघेणं नव्हतं, मला फक्त आईचे हात आठवून बघायचे होते आणि ते आठवत नव्हते. काम आठवत होतं. सांडगे, लुगडी पिळणं, माझी वेणी, रोजंदारीवर निंदायला जायची तेव्हा विळ्याने कापलेली करंगळी. संक्रांतीला मला निरोप देताना तिने कोणता हात हलवला होता? ती उजवा हात पदराखाली कमरेला धरून उभी होती का, की ते मी आता, सगळं कळल्यावर, तिथे नेऊन ठेवतेय? मागच्या महिन्यात ती फोनवर म्हणाली होती, यंदा कुरडया न्हाई केल्या, खायला हाय कोन. मला ते टोमण्यासारखं लागलं होतं. मी म्हणाले होते, बरं केलंस, उगाच त्रास. मला भीती वाटत होती. बाबांच्या वेळी वाटली नव्हती अशी, कारण बाबांच्या मागे आई आहे हे मी गृहीत धरलं होतं आणि आईच्या मागे कोण हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

तीनच्या सुमारास पोचले. आई ओसरीवर बसून हरभरे निवडत होती, डाव्या हाताने. आडवारी मला बघून ती गडबडली, ऑफिसात काही झालं का, तकलीफ आहे का, जेवलीस का, तीन प्रश्न एका दमात. बाबा खुर्चीत होते. उठायचा त्यांनी प्रयत्न केला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आईने खांद्याखाली हात घातला तेव्हा उठले. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आता उमटत नाही, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. जानेवारीत होते त्याच्या निम्मे झाल्यासारखे दिसले. तीन महिने ह्या माणसाला वाढीव औषध मिळायला हवं होतं.

मी पाणी प्यायले आणि सरळच विचारलं. मला आडूनआडून बोलता येत नाही. आईने हरभऱ्याचं ताट बाजूला सारलं. वर्गात पकडलेल्या पोरीसारखी तिची मान खाली गेली. मग तिने सांगितलं ते असं, की बाबांचा हात हलला की तो मोबाईल ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायचा. पुन्हा, पुन्हा. एके सकाळी त्यांनी तो भिंतीवर मारला, तेव्हा त्याचा कोपरा फुटला. ज्या माणसाला कुणी कधी, तुला येत नाही, असं म्हटलं नव्हतं त्याला ते यंत्र रोज म्हणत होतं.

“अन् तू रविवारी फोन करायचीस,” आई म्हणाली. “ह्यांचं वाईट निघालं की तुझा आवाज कसातरीच व्हायचा. मला वाटायचं, पोरगी तिथं एकटी, आज जेवायची न्हाई ही. मंग दिवाळी झाल्यावर म्याच काढलं. त्या रविवारी तू हासलीस बघ. मंग रोज काढत गेले.”

मी हसले होते. पेढे वाटले होते. मला वाटत होतं मी कोरडं वाचून दाखवते, आणि तिने मात्र माझ्या आवाजाचाही आलेख ठेवला होता. माझं तिच्यावर चिडायचं राहिलं. मी तिला सांगितलं की वेटोळी तुझी होती म्हणजे आजचा ठिपकाही तुझाच आहे. यंत्र म्हणतं म्हणून आजार झालाच असं नसतं, डॉक्टर तपासून ठरवतील, कधी दुसरंही काही निघतं, हे सगळं एका श्वासात सांगितलं. ती ऐकत होती. दचकली नाही. तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, हळू, मध्ये थांबून.

“मला कळलंय ते,” ती म्हणाली. “ह्यांच्याजवळ ऱ्हाते मी, मला न्हाई कळणार? पण मला बी झालं म्हनलं तर ह्यांचं कोन करंल? तू सगळं सोडून येशील. तेच नको होतं मला. म्हनून ह्यांना तुझी आन घातली, बोलू नका म्हनून.”

बाबांनी खुर्चीच्या दांड्यावर बोट आपटलं. आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. ते जुळवाजुळव करत होते, शब्द गोळा करायला आता त्यांना वेळ लागतो, आणि मी पहिल्यांदाच मध्ये काही न बोलता थांबले. “आन मोडली म्या,” ते म्हणाले. “रोज.”

“ऐकलं बाबा,” मी म्हणाले. “आज ऐकलं.” आणि मला रडू आलं, आवरलंच नाही. आईला काय चाललंय ते कळेना, मग मी तिला सांगितलं, तिच्या पाठीमागे, ती चुलीकडे असताना, ते मोबाईलशी काय बोलत होते. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या औषधाचे तीन महिने गेले होते त्यात. वेटोळं मी काढत नाही, तीच काढते, एवढं एक वाक्य ते त्या दहा सेकंदांत म्हणू शकले असते. ते त्यांनी एकदाही वापरलं नव्हतं. दहा सेकंद सगळे तिच्या हातावर खर्च केले. “येडं माणूस,” आई म्हणाली, आणि उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

चारनंतर मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं. बाबांना गुरुवारी आणायला सांगितलं, दोघांनाही आणा म्हणाले. दिवाळीपासूनचा एक्केचाळीसचा सगळा चांगला आलेख बाद करायची विनंती मी पुण्याला पाठवली, कारणासकट, माझ्या नावासकट. नोकरीवर येईल कदाचित. मग माझ्या मोबाईलवर नवीन अर्ज उघडला. आई शेजारी येऊन बसली होती. तिला वाटत होतं की त्याच नंबरावर तिचंही घालता येईल. दोघायचं एकात न्हाई का भागत, तिने विचारलं. मी नाही म्हणाले. नंबर चौसष्ट. नाव, वय, गाव. लक्षणं कधीपासून, हे विचारल्यावर तिने बाबांकडे बघितलं आणि त्यांनी सांगितलं, पौषापासून.

पुढचा रकाना होता, रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती. बाबांच्या अर्जात तिथे मीच पद्माबाई लिहिलं होतं, विचार न करता, कोऱ्या जागेत दुसरं काय असणार अशा खात्रीने. हा रकाना रिकामा सोडता येत नाही. ह्यांचंच टाक, आई म्हणाली, किशनराव, आणि हसली. मी माझं नाव लिहिलं. नातं, मुलगी. त्याखाली आणखी एक प्रश्न उघडला: आपण रुग्णासोबत राहता का? होय. नाही. मी अंगठा वर धरून बसले. खिडकीतल्या कुंड्या, माझी खोली, संध्याकाळी कुणालाही उत्तर न देणं, हे सगळं त्या दोन शब्दांच्या मधल्या बोटभर जागेत आलं होतं. मला ते सोडायचं नव्हतं. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रस्त्यावर शेवटच्या जीपने भोंगा दिला. सहाची ती, नंतर औंढ्याला जायला काही मिळत नाही.

आईने वाकून बघितलं. तिला अक्षर लावत वाचता येतं. “न्हाई दाब,” ती म्हणाली. “खरं ते दाब बाई. जा तू, गाडी जाईल.”

मी ‘होय’ दाबलं. त्या वेळी ते खोटंच होतं. जीपने दुसऱ्यांदा भोंगा दिला, मग इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी निघून गेली. मी उठले नव्हते.